खिळ्यांचं गोत्र

सूचना हा वाङ्मयप्रकार जगात सर्वांत जास्त छापला जातो आणि सर्वांत कमी वाचला जातो. हे मी अधिकारवाणीने सांगतो, कारण बँकेत लागल्यापासून नोटीस बोर्डावर सूचना लावण्याचं काम माझ्याकडेच आहे. ‘उद्या बँक बंद राहील’ हा कागद चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून मी लावतो, आणि मागे वळतो न वळतो तोच त्या कागदाला पाठ टेकून उभा असलेला गृहस्थ विचारतो, ‘साहेब, उद्या बँक चालू आहे नं?’

म्हणून सूचनांचे जुने कागद कोणी जपून ठेवलेले दिसले, की मला त्या माणसाविषयी आदर वाटतो. आमच्या शाखेत पेन्शन घ्यायला एक सिस्टरबाई येतात. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. नोव्हेंबर महिन्यात सगळे पेन्शनर आपण अद्याप जिवंत असल्याचा दाखला द्यायला येतात, तशा त्या आल्या आणि त्यांनी पासबुक पुढे केलं. पासबुकाला कव्हर घातलेलं होतं, आणि ते कव्हर म्हणजे त्यांच्या चर्चचं नाताळच्या उपासनेचं फार जुनं पत्रक होतं. मी पासबुक बाजूला ठेवून कव्हरच वाचू लागलो. मागची रांग खाकरली. बाई म्हणाल्या, ‘घरी पेटीभर आहेत. वाचायला देईन, पण परत आणून द्यावे लागतील. कर्ज समजा.’ बँकेच्या माणसाला इतक्या सौम्य अटींवर कर्ज सहसा मिळत नाही. मी उचललं.

इथे थोडं भूगोलाविषयी सांगायला हवं. आमचं नाचणगाव हे जुनं गाव, आणि दोन-तीन मैलांवरचं पुलगाव म्हणजे त्याच्या मानाने कालचं पोर. पण रेल्वे पुलगावला थांबली, आणि धाकट्याने थोरल्याच्या डोक्यावर पाय ठेवला. रेल्वेमागून कापसाची मिल आली, नंतर लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आला, आणि त्यांच्याबरोबर देशभरची माणसं आली. मिशनऱ्यांचं म्हणाल, तर नागपूरला स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीच येऊन बसले होते. तेव्हा वर्ध्याच्या या बाजूला नाताळची मराठी पत्रकं निघाली यात नवल काहीच नाही. नवल पुढे आहे.

ती पत्रकं मी टेबलावर पसरली. कागदाचा रंग चहाच्या बशीसारखा झालेला. भोवती बारीक फुलांची चौकट. वरती मधोमध चार फुलं जोडून केलेला क्रूस. त्याखाली एक ठळक ओळ, तिच्याखाली तिच्याहून लहान, मग पुन्हा मोठी, मग निमुळत्या होत गेलेल्या चार ओळी, आणि तळाशी पसरट बैठक. दुरून पाहिलं तर समई. उपासनेची वेळ सांगायला बोट दाखवणारा हात. ‘सर्वांस आग्रहाचे निमंत्रण आहे’ यापुढे तीन उद्गारचिन्हं. तळाशी मुंगीच्या पावलांनी छापखान्याचं नाव, कारण १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं बंधनकारक केलं होतं. एका मृत्युसूचनेला जाड काळी चौकट होती आणि नावामागे ‘ख्रिस्तवासी’ होतं. आपण ‘कैलासवासी’ छापतो त्याच जागी, त्याच जाडीच्या काळ्या पट्टीत. पत्ते निरनिराळे, पाकीट एक.

आमचे हेडकॅशियर म्हणजे धर्मनिष्ठ गृहस्थ. राहुकाळात तिजोरी उघडायची वेळ आली, तर किल्ली हातात घेऊन घड्याळाकडे पाहत बसतात. त्यांच्या खणात वडिलांच्या वेळची काही जुनी पंचांगं आणि एक व्रताची पोथी असते. मी त्यांची परवानगी काढून पंचांगाचं मुखपृष्ठ नाताळच्या पत्रकाशेजारी ठेवलं. चौकटीतली फुलं एका बागेतली. ‘ल’ एका वळणाचा. ‘श्री’ आणि ‘ख्रि’ यांची वेलांटी तर जुळ्या बहिणींसारखी. हेडकॅशियरांनी चष्मा वर केला, खाली केला आणि किंचित दुखावलेल्या सुरात विचारलं, ‘यांचं आपल्यासारखं कसं हो?’

प्रश्न उलटा होता. यांचं आपल्यासारखं नव्हे, आपलं यांच्यासारखं. पण हे त्यांना जेवणाच्या सुट्टीत सांगणं बरं नव्हतं, म्हणून इथे सांगतो.

मराठीत छापावं असं पहिल्यांदा ज्यांच्या मनाने घेतलं, त्यांत एक इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट १५७९ साली गोव्याला आले आणि मराठी ओव्या रचण्याइतके मराठीत मुरले. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता, पण खिळे रोमन. स्टीफन्सनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून तक्रार केली, की या देशाच्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी फार दिवसांची इच्छा आहे, पण त्यासाठी सहाशे साचे पाडावे लागतील, आणि युरोपात चोवीसात भागतं. सहाशे आणि चोवीस! हेड ऑफिसकडे मागणी पाठवणाऱ्या कुठल्याही शाखेला त्या पत्रातलं दुःख कळेल. हेड ऑफिस रोमला असो की मुंबईला, अशा मागणीचं काय होतं हे सांगायला नको. स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं, ते रोमन लिपीत. अस्सल मराठी ओव्या साहेबी कोटात. त्यांच्या हयातीतल्या त्या छापाची एकही प्रत आज उरलेली नाही.

पुढे सुरतेचे भीमजी पारेख यांनी १६७४ साली विलायतेहून एक मुद्रक आणवला. तो आला, पगार घेतला, आणि मग कळलं की त्याला छापता येतं, पण आपली अक्षरं कोरता येत नाहीत. असे तज्ज्ञ पाहुणे पुढेही येत राहिले.

दोनशे वर्षं अशीच गेली, आणि मराठी खिळे शेवटी पडले ते बंगालमध्ये. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण काढलं. या केरीसाहेबांचे मराठीचे पंडित कोण? वैजनाथशास्त्री, आमच्या नागपूरचे! पुण्याच्या लोकांना हे सांगितलं की ते विषय बदलतात. केरींचा मराठी शब्दकोश १८१० साली निघाला तो मोडीत, कारण व्यवहारातली मराठी तेव्हा मोडीत चालत होती. १८१२ च्या मार्चमध्ये श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखितं, खिळे, सगळं गेलं. खिळ्यांचा वितळून गोळा झाला. पण अक्षरांचे मूळ ठसे ढिगाऱ्याखाली शाबूत सापडले, आणि त्याच वितळलेल्या धातूतून पुन्हा खिळे पाडून काही महिन्यांत छपाई सुरू झाली.

मुंबईत अमेरिकन मिशनने छापखाना घातला. होरेशिओ बार्डवेल नावाचे, छपाई जाणणारे मिशनरी १८१६ साली आले, नागरी खिळे कलकत्त्याहून आणवले आणि १८१७ च्या मार्चमध्ये आठ पानांची पहिली धर्मपुस्तिका छापून काढली. हे मिशनरी फुकट पुस्तिका वाटत. फुकट वाटलेल्या कागदाचं मुंबईत काय होतं ते तेव्हाही होत असणार, पण एका वाचकाने ती पानं निराळ्याच नजरेने पाहिली. हे गणपत कृष्णाजी. भंडारी समाजातले, हरहुन्नरी गृहस्थ. त्यांनी मजकूर बाजूला ठेवला आणि छपाई पाहिली. हे असं आपल्या देवाधर्माचं का छापू नये? मग त्यांनी छापायचा दगड मिळवला, शाई घोटून घोटून जमवली आणि १८३१ साली मराठी पंचांग शिळाछापावर छापलं.

आता अडचण अशी, की छापाच्या शाईत चरबी असते असा बोभाटा. शास्त्रीमंडळी छापील कागदाला हात लावायला तयार नाहीत. गणपत कृष्णाजींनी शाई तुपात कालवली! माझ्या मते मराठी मुद्रणाच्या इतिहासातला हा सर्वांत थोर क्षण. सोवळ्याचा प्रश्न असा स्वयंपाकघरातून सुटला. पुढे त्यांनी खिळेही पाडले आणि पोथ्या छापल्या, त्या पोथीच्याच आडव्या आकारात. म्हणजे घरात येताना वेष ओळखीचा.

खिळ्यांचं रूप सुधारलं ते मात्र पुन्हा अमेरिकन मिशनच्याच छापखान्यात. तिथे थॉमस ग्रॅहम नावाचा कसबी अक्षरं कोरून साचे पाडत असे. त्याच्या हाताखाली दहा-एक वर्षांचा एक पोरगा खिळे घासायला लागला. महिना पगार दोन रुपये. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडा खरखरीत असतात, त्या घासून सारख्या करायच्या, एवढंच काम. हा पोरगा जावजी दादाजी. दिवसभर ‘येशू’तला ‘ये’ आणि ‘तारण’मधला ‘ता’ घासता घासता त्याने सगळी विद्या बोटांत उतरवून घेतली. पुढे दोन-तीन छापखाने करून त्याने १८६४ साली स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला, आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना. राणोजी रावजी आरू या मित्राने त्याला अक्षरं कोरून दिली. निर्णयसागरची पंचांगं, संस्कृत काव्यं, पोथ्या घरोघर गेल्या. आमच्या हेडकॅशियरांच्या वडिलांनी ज्या अक्षरातून एकादश्या पाळल्या, त्या अक्षराचं घराणं असं दोन रुपये पगाराच्या त्या पोराच्या हातून, ग्रॅहमच्या बाकावरून आलेलं आहे.

आणि हे एका दिशेनेच झालं असं समजू नका. मिशनच्या कागदांनीही आपला वेष सोडला. अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू केला. त्याच्या मराठी भागाचं संपादन १९१२ पासून रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे आलं. त्या टिळकांनी चर्चमध्ये साहेबी चालींऐवजी अभंग आणि कीर्तन आणलं. सिस्टरबाईंच्या गठ्ठ्यात ख्रिस्तजन्माच्या कीर्तनाची तीन पत्रकं निघाली. ‘बुक्का’ सोडला तर बाकी सगळं आपल्या रामनवमीच्या पत्रकासारखं. विरामचिन्हंही याच काळातली देणगी. मेजर कँडी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तिका लिहिली, तोवर मराठी माणूस श्वास संपेल तिथे थांबत होता. पत्रकावरची तीन उद्गारचिन्हं पाहून कँडीसाहेबांना आपण हे कोणाच्या हाती दिलं, असं वाटलं असतं.

एवढं वाचून झाल्यावर मला खिळे जुळवणारा हात पाहावासा वाटला. पत्रकाच्या तळचं नाव धरून शोधत गेलो, तर त्या छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान. पण तिथले जुने कंपोझिटर काकाजी हयात निघाले. पंच्याहत्तरीच्या पुढचे. उजव्या हाताचा अंगठा अजून हवेत खिळे जुळवीत असतो. त्यांच्यापुढे पत्रक ठेवलं, तसा त्यांनी ते आधी वाचलंच नाही. बोटाने चौकटीचा कोपरा चाचपला आणि म्हणाले, ‘हा कोपरा मीच लावला. फूल उलटं बसलं आहे पाहा.’

काकाजींनी मग जे सांगितलं त्याने माझा मुद्रणाचा इतिहास पुष्कळसा जमिनीवर आला. छोट्या गावचा छापखाना म्हणजे लाकडी केसा, त्यांत शेकडो खण, आणि कुठल्या खणात काय, हे डोळ्यांना नव्हे, हाताला ठाऊक. ‘अखंड’ खिळ्यांत मात्रा-वेलांट्या अक्षरासकट येत, म्हणून खण फार. ‘डिग्री’ पद्धतीत मात्रा, अनुस्वार यांचे सुटे बारीक खिळे, म्हणून खण कमी पण डोळे फुटायची पाळी. आणि खिळे मोजके. ते म्हणाले, ‘साहेब, डिसेंबर आला का ‘ख्रि’ संपे, अन् लग्नसराई आली का ‘श्री’ संपे. बाकी वर्षभर दोघंबी एकाच केसमंधी निवांत पडून राहत.’

‘ख्रि’ संपल्यावर काय करायचे? पाद्रीसाहेबांना विनंती करायची, की तिसऱ्या ओळीत ‘ख्रिस्त’ऐवजी ‘प्रभू’ चालेल का. ‘प्र’ भरपूर असत. म्हणजे त्या पत्रकांच्या भाषेत जी एक भारदस्त विविधता मला जाणवली होती, तिचा उगम भक्तीत जितका होता तितकाच टंचाईत होता. क्रूसाचा ठसा छापखान्यात नव्हताच, म्हणून चार फुलं जोडून तो केला. ती फुलं एरवी लग्नपत्रिकेत गणपतीच्या दोन बाजूंना बसत. समईच्या आकाराचं विचारलं, तर काकाजी म्हणाले, ‘मले एवढाच आकार येत होता. लग्न असो, तेरवी असो, इलेक्शन असो का नाताळ. समई कोणाले वाईट दिसते?’

आणि तो बोट दाखवणारा हात? तो १९७८ नंतरच्या एकाही पत्रकात नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, अभिरुची बदलली. तसं नव्हतं. हाताचा पंजा निवडणूक चिन्ह झाला, आणि छापखान्याच्या मालकाने खिळ्यातला हात पुडीत बांधून कपाटावर टाकला. काकाजींनी त्याला पटवून पाहिलं, की तो पंजा उघडा आहे आणि हे नुसतं बोट आहे. मालक म्हणाला, ‘बोटापासूनच सुरू होते.’ तेव्हापासून नाचणगाव-पुलगावच्या भाविकांना उपासनेची वेळ बाणाने दाखवली जाऊ लागली.

जाता जाता सांगतो, लिपीच्या बाबतीत आमचा जिल्हा फार उचापती. १९३५ साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनात लिपीसुधारणेचं घाटलं, काकासाहेब कालेलकरांनी ते काम हाती घेतलं, आणि १९३६ साली वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. तिच्या पुस्तकांतून ‘इ’ला रजा देऊन ‘अि’, ‘उ’ला रजा देऊन ‘अु’ छापत. पुढे पवनारहून विनोबांनी लोकनागरीचा पुरस्कार केला. हेतू मुद्रण सोपं करण्याचाच होता. म्हणजे स्टीफन्सच्या सहाशे साच्यांचं गाऱ्हाणं सव्वातीनशे वर्षांनी आमच्या वर्ध्याने ऐकलं! काकाजींना ही सुधारणा मनापासून पसंत होती. गिऱ्हाइकांना नव्हती. ‘अीश्वर’ असं छापून दिलं तर बिल कमी देत.

या छापखान्याचं पुढे काय झालं ते मात्र मला काकाजींना विचारावं लागलं नाही. आमच्या शाखेच्या रेकॉर्डरूममध्ये वाळवीने सोडलेली एक कर्जफाईल आहे. तारण म्हणून लिहिलेलं आहे : ट्रेडल मशीन एक, कागद कापण्याचं मशीन एक, केसा लाकडी, टाइप मराठी. त्या टाइपापुढे वजन, आणि वजनापुढे भंगार शिशाचा भाव. शिसं, अँटिमनी, कथील. ज्या कोणी हा तक्ता केला त्या पूर्वसूरीचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण बँकेला दुसरा तराजू नाही. ‘ज्ञ’ आणि पूर्णविराम एकाच भावाने. कॉम्प्युटर आणि ऑफसेट आल्यावर नव्वदीच्या दशकात मालकाने मशीन विकलं आणि खिळे पोत्यांत भरून नागपूरला मोडीत घातले. कर्ज फिटलं. फाईलवर शेरा आहे : ‘खाते बंद’. श्रीरामपूरचे खिळे वितळले तेव्हा खाली मूळ ठसे शिल्लक होते. आमच्या गावचे वितळले तेव्हा खाली फक्त काकाजी शिल्लक होते.

मी सिस्टरबाईंची पत्रकं मुदतीत परत केली, एक एक मोजून. हेडकॅशियरांनी त्याआधी ती सगळी पाहिली. गणपत कृष्णाजींच्या तुपाची गोष्ट त्यांना फार आवडली. जावजींच्या दोन रुपयांवर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘घासायचे दोन रुपये म्हणजे त्या काळी बरे होते हो.’

काकाजींना मागच्या नाताळात पुन्हा काम मिळालं. चर्चचं पत्रक आता डीटीपीवर होतं आणि मोबाइलवर फिरतं. पण मंडळीतल्या कोणीतरी हट्ट धरला, की जुन्यासारखं चौकटीचं छापून हवं, आणि प्रूफ काकाजींनी बघावं. डीटीपीचा मुलगा हुशार. त्याने चौकट काढली, समई काढली, खरा क्रूसही आणला. काकाजींनी प्रूफ हातात घेतलं, आणि पेन्सिलीने पत्रकातल्या प्रत्येक ‘ल’भोवती गोल केला. कॉम्प्युटरने ‘ल’ हिंदी वळणाचा दिला होता. मी मुलाला समजावलं, की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच असावेत असं शासनानेसुद्धा २००९ साली ठरवून दिलं आहे. तो म्हणाला, ‘खरं आहे सर, पण या फाँटमध्ये तो नाहीच. फाँट आहे तसाच येतो. त्याला काही करता येत नाही.’

काकाजींनी स्क्रीनकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘काही करता येत नाही कसं बा? मंग जरा घासून पाहा ना.’